पोळी गोल, लाडूही गोल

चार वर्षांच्या मुलाला विचारा, पोळी कशी असते? तो म्हणेल, गोल. लाडू? गोल. बांगडी? गोलच. नळाचा पाइप, विहिरीचं तोंड, चंद्र, कंचा, सायकलचं चाक, सगळं गोल. मराठीत हा एकच शब्द इतकी कामं करतो की त्याच्या पोटात निदान तीन-चार वेगळे आकार सुखाने नांदत असतात. पुढे शाळेत त्यांची वाटणी होते. कागदावर काढलं ते वर्तुळ, लाडवाचा तो गोल, पाइपची ती वृत्तचिती. बांगडीची पाळी तर फारच उशिरा येते.

मुलाचं उत्तर चूक म्हणून खोडून टाकण्यासारखं नसतं. या वस्तूंमधला फरक त्याच्या हाताला केव्हाच कळलेला असतो. लाडू उचलताना त्याची बोटं वाटीसारखी वळतात, पोळी तो चिमटीत धरतो, बांगडीत बोट घालून ती गरगर फिरवतो. हाताला जे ठाऊक आहे ते जिभेवर यायचं बाकी असतं. लहान मुलांना त्रिमितीय आकार शिकवायचे म्हणजे बहुतेक वेळा एवढंच करायचं असतं: हाताची ओळख डोळ्यांपर्यंत आणायची आणि तिथून बोलण्यात उतरवायची. त्यासाठी लागणारं सामान मात्र भिंतीवरच्या तक्त्यात सापडत नाही.

ते सापडतं कारध्यासारख्या गावात.

भंडारा शहर ओलांडून राष्ट्रीय महामार्गाने साकोलीकडे निघालं की वैनगंगेचा पूल लागतो आणि पुलापलीकडे कारधा. पावसाळ्यात या गावाचं नाव जिल्हाभर ऐकू येतं, कारण वैनगंगेची पातळी इथे मोजली जाते. 2020 च्या ऑगस्टअखेर नदीला महापूर आला तेव्हा याच मोजणीकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. पाणी ओसरलं की मागे रेती उरते, आणि ओल्या रेतीत पाय खुपसून वरून थापटत खोपा करायचा खेळ कुणी कुणाला शिकवावा लागत नाही. पाय अलगद काढून घेतला की आत पोकळी राहते, वर घुमट राहतो. भूमितीचा हा पहिला धडा नदीकाठच्या मुलांना फुकट मिळतो.

आणखी सामान मोजू लागलं तर यादी लांबते. धानकापणीनंतर शेतात उभे राहणारे पुंजणे आणि तणसाचे ढीग. धान साठवायची बांबूची ढोली, मोजायची पायली, पाखडायचं सूप. उन्हाळ्यात टरबूज. कौलारू घरांवरची कवेलू. भंडारा हे पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं शहर, तेव्हा घरोघरी गुंड, गडवा, गंज असायचे आणि अजूनही फळीवर एखादं दिसतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा; त्यात मुलं चाकांचा लाकडी नंदीबैल दोरीने ओढत नेतात. शंकू, गोल, वृत्तचिती असे कितीतरी आकार या यादीत हजर आहेत. मुलांनी या सगळ्यावर हात फिरवलेला असतो. शाळेने फक्त त्या हाताला ओळख दाखवायची.

अडचण क्रमाची आहे. बालवाडीच्या भिंतीवर बहुधा त्रिकोण, चौकोन, वर्तुळ असे रंगीत सपाट आकार आधी येतात, आणि डबा, चेंडू, शंकू दोन-चार वर्षांनी 'त्रिमितीय' अशा जड नावाखाली. मुलाचं जग मात्र याच्या उलट क्रमाने उघडतं. जन्मल्यापासून त्याने हातात धरलेली प्रत्येक वस्तू जाडीची आहे. निव्वळ सपाट चौकोन आजवर कुणी मुठीत धरलेला नाही. पुठ्ठ्याचा कापला तरी त्याला कडेची जाडी राहतेच. सपाट आकार ही मनात करायची कल्पना आहे, आणि ती भरीव वस्तूच्या अंगावरून सोलून काढावी लागते.

हा उलटा क्रम दोनशे वर्षांपूर्वी एका जर्मन माणसाच्या नीट लक्षात आला होता. फ्रेडरिक फ्रोबेल तरुणपणी बर्लिनमध्ये खनिजांच्या संग्रहालयात स्फटिकांची मांडणी करण्याचं काम करत होता. पुढे 1837 साली त्याने लहान मुलांसाठी खेळातून शिकण्याची संस्था सुरू केली आणि 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग हे नाव दिलं. त्याच्या शिक्षणसाहित्यातली पहिली भेट लोकरीचे मऊ चेंडू, दुसरी भेट लाकडाचे तीन ठोकळे: गोल, घन आणि त्यांच्या मधली वृत्तचिती. गोल नुसता घरंगळतो, घन नुसता बसतो, वृत्तचिती दोन्ही करते. हे ठोकळे दोऱ्याला टांगून फिरवायचे, की फिरणाऱ्या घनात वृत्तचिती दिसू लागते. आगपेटीला दोरा बांधून पीळ देऊन सोडली तरी हीच गंमत दिसते. आपल्याकडच्या भोवरा खेळणाऱ्या पोरांना तर ती जुनी आहे. फ्रोबेल 1852 साली गेला. त्याच्या थडग्यावर घन, त्यावर वृत्तचिती आणि त्यावर गोल अशी दगडी रचना उभी आहे.

त्याच्यानंतर मारिया माँटेसरी यांनी या विचाराला आणखी काटेकोर रूप दिलं. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात, सर्वांत लहान एक सेंटिमीटर कडेचा आणि सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. कडेने दहापट, पण आकारमानाने हजारपट. मुलाला हा हिशेब कुणी सांगत नाही. मोठा ठोकळा दोन्ही हातांनी उचलताना त्याच्या मनगटाला तो कळतो. माँटेसरी 1939 मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे काही वर्षं इथेच राहिल्या, पण त्यांची पद्धत त्याआधीच गुजरात-महाराष्ट्रात पोचली होती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला तो याच विचारावर.

ताराबाईंचं मोठं काम मात्र पुढचं आहे. पॉलिश केलेले, मापात कापलेले लाकडी ठोकळे शहरातल्या बालमंदिरांना परवडत. खेड्यात ते कुठून आणायचे? 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं, सहकारी अनुताई वाघ सोबत होत्या. आदिवासी पाड्यांतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्माला आला. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. साधनं म्हणून दगडगोटे, शिंपले, बिया, पानं, माती वापरली. आज देशभर अंगणवाडी म्हटलं की 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना आठवते, पोषण आहार आणि लसीकरण आठवतं. या नावामागे अंगणातल्या वस्तूंनी शिकवण्याची कल्पना होती, हे फार कमी वेळा आठवतं. ते आठवायला हवं.

तर अंगणातल्या वस्तू. सुरुवात उतारापासून करता येते. एक फळी विटेवर टेकवायची, की घसरगुंडी तयार. कंचा, आगपेटी, खडूचा तुकडा, लिंबू, खोडरबर, रिकामा डबा, विटी, जे हाताला येईल ते आणायचं. सोडण्याआधी प्रत्येकाने सांगायचं: घरंगळेल, सरकेल की जागीच बसेल? डबा आडवा ठेवला तर धावतो, उभा ठेवला तर हलत नाही, आणि यावर मुलांत जोरदार वाद होतो, कारण अर्ध्या जणांचं 'घरंगळेल' आणि अर्ध्यांचं 'बसेल' दोन्ही खरं ठरतं. इथे मोठ्यांनी लगेच निवाडा देऊ नये. वाद चालू असतानाच मुलं डबा फिरवून, पालथा करून पाहतात. त्याला एक वळलेलं अंग आहे आणि दोन सपाट तोंडं, हे त्या फिरवण्यातूनच हाती येतं. 'वृत्तचिती' हा शब्द दोन वर्षांनी आला तरी चालेल.

दुसरा खेळ पिशवीचा. जुन्या कापडाच्या पिशवीत पाच-सहा वस्तू टाकायच्या आणि आत हात घालून, न बघता, ओळखायचं. माँटेसरी शाळांत हा खेळ डोळ्यांवर पट्टी बांधून किंवा पिशवीतून खेळतात. खरी मजा नाव न घेता वर्णन करायला सांगितलं की येते. मूल चाचपत म्हणतं, याला टोक आहे, इकडे सपाट आहे, कडा लागतात. बाकीच्यांनी ओळखायचं. मराठी बोलणाऱ्या मुलाजवळ या वर्णनासाठी आयताच शब्दसाठा असतो, कारण आपण भांड्यांना माणसासारखे अवयव दिलेले आहेत: घागरीला तोंड असतं, गळा असतो, पोट असतं, बूड असतं. गडव्याचं पोट फुगलेलं आणि गळा आवळलेला. गंजाला गळाच नाही, तोंडापासून बुडापर्यंत सरळ. स्वयंपाकघरातल्या या रोजच्या बोलण्यात आकारांचं अख्खं वर्गीकरण आहे, आणि आजी ते पाठ्यपुस्तकाच्या आधीच नातवंडांना शिकवत असते.

या बोलण्याचं वजन किती, ते मोजून पाहिलं गेलं आहे. शॅनन प्रुडन, सुझन लेव्हीन आणि जॅनेलन हटनलॉकर यांचा 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास 52 मुलांवर आधारलेला होता. मुलं 14 महिन्यांची होती तेव्हापासून 46 महिन्यांची होईपर्यंत संशोधक त्यांच्या घरी जाऊन आईबापांचं आणि मुलांचं बोलणं टिपत राहिले. वाकडं, सरळ, उंच, कड, कोपरा असे आकाराचे आणि मापाचे शब्द घरात जास्त कानावर पडले, ती मुलं स्वतः असे शब्द जास्त वापरू लागली, आणि साडेचार वर्षांची झाल्यावर आकृत्या मनात फिरवण्या-जुळवण्याच्या कामात पुढे दिसली. 'ते तिथे ठेव' म्हणण्याऐवजी 'तो उभट डबा फळीच्या कोपऱ्यात ठेव' म्हणायला खर्च काहीच येत नाही.

मग येतं रचणं. अमेरिकेतल्या हॅरिएट जॉन्सन यांनी ठोकळ्यांशी खेळणाऱ्या लहान मुलांचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं आणि 1933 मध्ये ते मांडलं. मूल आधी ठोकळे नुसते इकडून तिकडे वाहून नेतं. मग रांग लावतं किंवा एकावर एक चढवतं. त्यानंतर एक दिवस दोन ठोकळे अंतरावर ठेवून त्यांच्या डोक्यावर तिसरा आडवा टाकतं: पूल. पुढे चार बाजू बंद करून कुंपण करतं, मग नक्षी, आणि सगळ्यात शेवटी 'हे आमचं घर' असं नाव देऊन खरोखरीच्या जागा उभारतं. कारध्याच्या मुलाला पूल म्हणजे काय हे सांगायला नको. तो पाहतच ते मोठं झालेलं असतं. तरी आगपेट्यांचा पूल बांधताना पहिल्या खेपेला दोन खांबांमधलं अंतर जास्त होतं आणि वरची पेटी धपकन खाली पडते. अंतर किती ठेवायचं हे ते पडण्यातून शिकतं. चार खेपांनंतर ते पेटी ठेवण्याआधीच नजरेने मोजू लागतं, आणि ही नजरेची मोजणी हीच खरी कमाई आहे.

विटांनी खेळायचं तर मोठं माणूस जवळ हवं, वीट बोटावर पडली की खेळ संपतो. पण विटेचा मान वेगळा आहे. पाठ्यपुस्तकातल्या 'इष्टिकाचिती' या शब्दाला मुलं घाबरतात, आणि बऱ्याच शिक्षकांनाही तो उगाच अवघड वाटतो. इष्टिका म्हणजे वीट. आपला 'वीट' शब्द तिच्याच वंशातला. चिती म्हणजे रचलेली रास. शुल्बसूत्रांत यज्ञाच्या वेदी विटांनी रचायचं जे गणित आहे, त्यात पंख पसरलेल्या पक्ष्याच्या आकाराची श्येनचिती येते. तिथली चिती ती हीच. एवढं सांगितलं तर शब्द एकदम घरचा होतो. वैनगंगेच्याच काठी, खाली दक्षिणेला पवनी आहे. तिथे 1969-70 मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले. स्तूपाचा मूळ घाट अर्धगोल, आणि बांधकाम चौकोनी विटांचं. सरळ कडांच्या विटांनी गोलाई कशी आणायची, हा प्रश्न मुलांना अंगणात देऊन पाहावा. खोडरबरांचं किंवा आगपेट्यांचं कडं मांडलं की आतली टोकं एकमेकांना भिडतात आणि बाहेरच्या बाजूला पाचरीसारख्या फटी उरतात. कडं मोठं केलं की फटी बारीक होतात. पाच-सहा वर्षांचं मूल हे स्वतःच्या डोळ्यांनी शोधू शकतं.

आकार उलगडणं हा आणखी एक भाग, आणि त्यात मोठ्या मुलांनाही गुंतवता येतं. चहाचं रिकामं खोकं कडेने उसवून सपाट पसरायचं. या पसरलेल्या रूपाला पाठ्यपुस्तकात 'घडणी' म्हणतात. पुन्हा दुमडलं की खोकं परत. सहा सारख्या चौरसांपासून घन होईल अशा वेगवेगळ्या घडणी नेमक्या 11 आहेत. चौथी-पाचवीतली मुलं त्या शोधायला बसली की दुपार सहज जाते. डब्याला कागद गुंडाळून पाहावा, तो नीट बसतो. शंकूच्या टोपीलाही बसतो, फेरीवाल्याचा शेंगदाण्याचा पुडा हाच तर प्रकार आहे. चेंडूला गुंडाळायला गेलं की चुण्या पडतात. कितीही सफाईने करा, पडतातच. सपाट पत्रा न ताणता नळीसारखा वळतो, पण त्याचा गोलावा करायचा तर तो ताणावा लागतो. पितळी भांडी घडवणारा कारागीर पत्र्यावर इतके ठोके घालतो त्याचं हेच कारण. गुंडाचं गरगरीत पोट त्या ठोक्यांतून आलेलं असतं, आणि जुन्या गुंडावरून तळहात फिरवला तर ते ठोके अजून लागतात.

कवेलूची गोष्टही अशीच सांगण्याजोगी. देशी कवेलू कुंभार चाकावर करतो; ते वळताना एक निमुळती नळी असते, आणि ओलं असतानाच तिचे उभे दोन भाग करतात. छपरावर दिसतं ते अर्धं अंग. दोन कवेलू समोरासमोर धरून मुलांना दाखवले की हरवलेली नळी परत दिसते, आणि 'अर्धी वृत्तचिती' वेगळी समजवावी लागत नाही.

महाराष्ट्रात या हातांच्या शिक्षणाला सगळ्यांत जास्त साधनं दिली ती अरविंद गुप्ता यांनी. आयआयटी कानपूरचे अभियंते, पुण्यात टेल्कोत नोकरी. 1978 मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या एकत्र आणल्या. नळीचा छोटा तुकडा हा सांधा, आगकाडी ही कड. गूल काढून टाकलेल्या तीन काड्या जोडल्या की त्रिकोण, चार जोडल्या की चौकोन. दोन्ही बोटांनी दाबून पाहिले की चौकोन लगेच कलतो, त्रिकोण जागचा हलत नाही. सांध्यातून काट्याने भोक पाडून आणखी एक काडी बसवली की आकार कागदावरून उठून उभा राहतो: सहा काड्यांची त्रिकोणी सूची, बारा काड्यांचा घन. घन लडबडतो, सूची ताठ राहते. लोखंडी मनोऱ्यांत आणि पुलांच्या सांगाड्यांत इतके त्रिकोण का असतात, ते मुलाच्या बोटांना कळून चुकतं. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी मुलांपुढे ठेवली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दिवाळीत बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील ज्या घरात बांधला जातो, तिथे हाच धडा दरवर्षी होतो. चौकोनी अंग डगमगतं म्हणून तिरपी कामटी लावावी लागते.

सरकारी कागदही आता याच वाटेने बोलतात. 2022 मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी खेळ मध्यभागी ठेवतो, आणि 2023 च्या फेब्रुवारीत आलेल्या 'जादुई पिटारा' या संचात खेळणी, कोडी, बाहुल्या आहेत. पेटी चांगली आहे. ती कपाटात कुलूपबंद राहिली तर मात्र अंगणातला गडवाच बरा.

आणि घाई नको. डच दांपत्य पियरे आणि दीना व्हॅन हिले यांनी 1957 मध्ये दाखवून दिलं की भूमितीची समज पायऱ्यापायऱ्यांनी येते, आणि पहिल्या पायरीवर मूल आकार त्याच्या एकंदर रूपावरून ओळखतं, गुणधर्मांवरून नाही. चौरस तिरका केला की ते म्हणतं, हा चौकोन राहिला नाही, शंकरपाळी झाली. कागदावर हे समजावणं कठीण जातं. भरीव ठोकळा हातात फिरत असतो, उभा, आडवा, तिरका, आणि तोच ठोकळा तोच राहतो. म्हणून ही पायरी हाताने लवकर ओलांडली जाते. हातात काय द्यायचं याची काळजी मात्र हवी: तीन वर्षांखालच्या मुलांना कंचे, बिया, मणी असं तोंडात जाणारं काही देऊ नये, हे खेळाच्या उत्साहात विसरायचं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर करता येईल असा एक खेळ घरोघरी आहे. स्टीलचा गिलास फरशीवर आडवा ठेवून हलकेच ढकलायचा. तो सरळ जात नाही. वळसा घेत बुडाच्या बाजूला झुकतो आणि मोकळी जागा असेल तर गोल फेरी मारून परत येतो. कारण त्याचं तोंड रुंद आणि बूड अरुंद. एका फेरीत तोंडाकडची कड जास्त वाट चालते, बुडाकडची कमी. शेजारी मसाल्याचा सरळ डबा सोडला तर तो थेट भिंतीला जाऊन टेकतो. मुलाला कारण सांगू नये. ते आधी गिलास पुन्हा ढकलेल, मग उलट्या बाजूने ढकलेल, मग उठून दुसरा गिलास आणेल, मग वाटी, मग पाण्याची बाटली, आणि थोड्या वेळाने तान्ह्या पोळ्याचा बैल कोनाड्यातून काढून त्याची चाकं दोन्हीकडून सारखीच आहेत का ते बोट फिरवून पाहू लागेल.